दीपधारिणीचा चित्रकार : सावळाराम लक्ष्मण हळदणकर

सन २००६ च्या फेब्रुवारी महिन्यात श्रवणबेळगोळ येथे भगवान बाहुबलींचा महामस्तकाभिषेक सोहळा संपन्न झाला. त्या पर्वणीसाठी नाशिकहून जे अनेक श्रावक-श्राविका गेले, त्यांत प्रस्तुत लेखकही होता. विंध्यगिरीच्या पायऱ्या चढून त्या सत्तावन्न फुटी मूर्तीचे दर्शन घेतल्यावर मन इतके भरून आले होते की त्यानंतर काही पाहावे अशी इच्छाच उरली नव्हती. तथापि यात्रेच्या गाड्यांचा एक ठरलेला शिरस्ता असतो. श्रवणबेळगोळनंतर म्हैसूर. त्यानुसार दुसऱ्या दिवशी आम्ही म्हैसूरचा मोठा राजवाडा पाहिला आणि दुपारच्या वेळी जगनमोहन राजवाड्यातील चित्रसंग्रहालयात शिरलो.

तेथे एका अंधाऱ्या खोलीत एकच चित्र लावलेले होते. उन्हातून आलेल्या डोळ्यांना प्रथम काहीच दिसेना. मग हळूहळू अंधारातून एक स्त्री प्रकट झाली. तिच्या एका हातात दिवा आहे आणि दुसऱ्या हाताच्या तळव्याने तिने ज्योतीला आडोसा केला आहे. ज्योत बोटांच्या आड आहे, पण तिचा प्रकाश बोटांच्या मांसातून आरपार येऊन बोटे आतून लालसर पेटल्यासारखी दिसतात. तोच प्रकाश तिच्या हनुवटीवर, गालांवर, साडीच्या चुण्यांवर खालून वर गेला आहे आणि मागच्या भिंतीवर तिची सावली पडली आहे. आमच्यापैकी एका वयोवृद्ध श्राविकेने चित्रापुढे नकळत हात जोडले. चित्र देवतेचे नाही, एका साध्या घरगुती स्त्रीचे आहे, हे लक्षात आल्यावर त्या स्वतःशीच हसल्या, परंतु जोडलेले हात त्यांनी लगेच सोडले नाहीत.

आमच्या वाटाड्याने हे चित्र राजा रविवर्मा यांचे असल्याचे सांगितले. त्यावर कोणीही शंका घेतली नाही. संग्रहालयात रविवर्म्यांची चित्रे आहेतच आणि साडी नेसलेली देखणी स्त्री म्हटली की आपल्या तोंडी रविवर्म्यांचेच नाव येते. मी बाजारातून त्या चित्राची एक छापील प्रतिकृती विकत घेतली, नाशिकला आल्यावर तिला चौकट केली, आपल्या पाठशाळेच्या खोलीत ती लावली आणि चौकटीखाली एका पट्टीवर स्वतःच्या हस्ताक्षरात राजा रविवर्मा असे लिहिले. ही पट्टी पुढे कित्येक वर्षे तेथे होती. पाठशाळेत येणाऱ्या मुलामुलींनी ती वाचली. ते नाव चुकीचे होते.

हे चित्र सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे आहे. ते मराठी चित्रकार होत. त्यांचे नाव आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत त्यांचा परिचय देण्यामागे एक परतफेडीची भावना आहे, हे सुज्ञ वाचकांनी जाणून घ्यावे.

हळदणकरांचा जन्म २५ नोव्हेंबर १८८२ रोजी सावंतवाडी येथे झाला. सावंतवाडी हे तेव्हा कोकणच्या दक्षिण टोकाचे एक लहान संस्थान होते. मोती तलाव, तलावाकाठचा राजवाडा आणि भोवती दाट झाडी. या गावाला रंगांची परंपरा जुनी. लाखकाम केलेली लाकडी खेळणी आणि हाताने रंगवलेले गोल गंजिफा ही येथील चिताऱ्यांची ख्याती होती आणि आजही आहे. ज्या गावात मुलाला दारातून बाहेर पडताच कोणीतरी कुंचला हातात धरून बसलेले दिसते, त्या गावात चित्रकार जन्मला तर नवल नाही. वेदांचे भाष्यकार म्हणून पुढे प्रसिद्धीस आलेले पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर हेही याच परिसरातील कोलगावचे आणि मुळात तेही चित्रकारच होते, ही गोष्ट जाता जाता नमूद करावीशी वाटते.

लहानग्या सावळारामचा हात शाळेतच ओळखला गेला. शाळेच्या मुख्याध्यापकांनी त्याची चित्रे पाहिली आणि संस्थानाधिपतींच्या कानी त्याचे नाव घातले. दरबाराकडून शिष्यवृत्ती मंजूर झाली आणि त्या बळावर १९०३ साली हा तरुण मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या जे. जे. स्कूलमध्ये, दाखल झाला. त्या काळी सावंतवाडीहून मुंबईस जाणे म्हणजे बंदरावरून आगबोटीने समुद्रमार्गे जाणे. घरच्या ऐपतीवर हे घडले असते असे वाटत नाही. एका शिक्षकाची नजर आणि एका संस्थानिकाचा आश्रय या दोन गोष्टी वेळेवर जुळल्या. आपल्या समाजातील शिष्यवृत्ती-फंडांचे हिशोब पाहणाऱ्यांनी या घटनेकडे थोडे थांबून पाहावे.

जे. जे. स्कूलमध्ये तेव्हा सेसिल बर्न्स हे प्राचार्य होते आणि शिक्षकवर्गात रावबहादूर म्हणून पुढे गौरवले गेलेले महादेव विश्वनाथ धुरंधर होते. शिक्षण पूर्णतः विलायती वास्तववादी पद्धतीचे. प्रथम प्लास्टरच्या पुतळ्यांवरून रेखाटन, नंतर समोर बसलेल्या माणसावरून अभ्यास, छायाप्रकाशाचे बारकावे, शरीराची प्रमाणे, दूरचे आणि जवळचे यांचे गणित. पुष्कळांना हे शिक्षण कोरडे वाटे. हळदणकरांनी मात्र त्यातून जे घ्यायचे ते पुरेपूर घेतले. माणसाच्या अंगावर पडलेला प्रकाश नेमका कोठून आला, किती अंतर चालून आला आणि कोठे विरला, हे पाहण्याची शिस्त त्यांना येथे लागली. ती त्यांनी जन्मभर सोडली नाही.

नाशिककरांना येथे आणखी एका नावाची आठवण होणे साहजिक आहे. आपल्या त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके १८८५ साली याच जे. जे. स्कूलमध्ये शिकावयास गेले होते. रविवर्म्यांनी शिळाछापाचा जो छापखाना काढला आणि जो पुढे लोणावळ्याजवळ मळवली येथे नेला, त्यासाठीही फाळक्यांनी काम केले होते. या छापखान्याचा आपल्या विषयाशी फार जवळचा संबंध आहे. त्यातून निघालेली लक्ष्मी-सरस्वतीची, शकुंतला-दमयंतीची रंगीत चित्रे महाराष्ट्रातील घराघरांतून, दुकानांतून, पेढ्यांतून लागली. दोन-तीन पिढ्यांनी जन्मात दुसरा कोणताच चित्रकार पाहिला नाही. परिणामी रविवर्मा हे एका माणसाचे नाव न राहता एका प्रकारच्या चित्राचेच नाव होऊन बसले. हळदणकरांवर पुढे जो अन्याय झाला, त्याचे बीज येथे आहे. यात रविवर्म्यांचा दोष काडीचाही नाही. ते १९०६ सालीच निवर्तले, तेव्हा हळदणकर कलाशाळेतून नुकतेच घडत होते.

शिक्षणानंतर हळदणकरांनी सरकारी नोकरीचा मार्ग न धरता १९०८ मध्ये मुंबईत स्वतःची कलासंस्था काढली. हळदणकर फाइन आर्ट इन्स्टिट्यूट असे तिचे नाव. वय अवघे पंचवीस. चित्रकाराला त्या काळी पोट भरण्याचे मार्ग मोजकेच होते. धनिकांची व्यक्तिचित्रे रंगवावीत, पुस्तकांसाठी चित्रे काढावीत, नाहीतर शिकवावे. व्यक्तिचित्रांवर पुष्कळांचा संसार चाले. आपल्याकडील जुन्या धर्मशाळांत, बोर्डिंगांच्या सभागृहांत पगडीधारी दानशूरांची जी मोठी तैलचित्रे दिसतात, ती याच वर्गातील चित्रकारांच्या हातची. दात्याचे नाव खाली पितळी पट्टीवर कोरलेले असते आणि चित्रकाराची सही कोपऱ्यात, बहुधा हाराआड. हळदणकरांनी व्यक्तिचित्रे केली, शिष्यही घडवले. त्यांचे पुत्र गजानन हळदणकर हेही पुढे चित्रकार म्हणून नावाजले.

परंतु चित्रकाराची खरी कसोटी शिकवणीत लागत नाही, प्रदर्शनात लागते. मुंबईत १८८८ साली स्थापन झालेली बॉम्बे आर्ट सोसायटी ही प्रदर्शने भरवणारी प्रमुख संस्था. तिची वार्षिक प्रदर्शने म्हणजे चित्रकारांची जत्राच. आजच्यासारखी कायमची कलादालने तेव्हा नव्हती. जहांगीर कलादालन मुंबईत उघडले ते १९५२ साली. त्यापूर्वी जेथे सभागृह मिळेल तेथे काही दिवसांपुरती चित्रे लावावयाची आणि पुन्हा काढून न्यावयाची. भिंतीवर खालपासून वरपर्यंत चौकटीला चौकट भिडलेली असे. चांगली जागा कोणाला आणि छताजवळची कोणाला, यावरून रुसवेफुगवे होत. तैलरंग आणि जलरंग, निसर्गचित्र आणि मानवाकृती अशी विभागणी असे व त्यानुसार पारितोषिके दिली जात. या गर्दीत हळदणकरांची चित्रे ओळखू येत ती त्यांतील हवेमुळे. निसर्गचित्र असो वा मानवाकृती, त्यांच्या चित्रात दिवसाची वेळ कळते. ऊन सकाळचे की कलत्या दुपारचे, पाऊस येऊन गेला की यावयाचा आहे, हे पाहणाऱ्याला सांगावे लागत नाही.

१९१५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ ब्रिटिश आर्टिस्ट्स या संस्थेच्या प्रदर्शनात त्यांचे चित्र मांडले गेले. एका कोकणी मुलाच्या दृष्टीने हा सन्मान लहान नव्हता. पण घरचा अनुभव निराळा होता. मुंबईच्या कलासंस्थेवर युरोपियन अधिकारी आणि हौशी चित्रकार यांचे वर्चस्व होते. निवड त्यांची, पारितोषिके ठरविणारे ते, आणि एतद्देशीय चित्रकाराने मिळेल त्यात समाधान मानावे अशी रीत. हळदणकरांनी यावर तक्रारअर्ज करीत बसण्यापेक्षा वेगळा मार्ग पत्करला. १९१८ साली त्यांनी आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांनी आर्ट सोसायटी ऑफ इंडिया ही स्वतंत्र संस्था स्थापन केली. हिंदी चित्रकारांनी हिंदी चित्रकारांसाठी चालवलेले हे व्यासपीठ. काही वर्षे त्यांनी तिचे अध्यक्षपदही भूषविले. पहिले महायुद्ध संपत आलेले, टिळकांचा काळ मावळतीकडे आणि गांधींचा उगवतीकडे, अशा त्या वर्षी चित्रकारांनीही आपला भिंतीवरचा हक्क मागितला, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. ही संस्था हळदणकरांच्या पश्चातही टिकून राहिली.

आणि गंमत पाहा, ज्या जुन्या संस्थेला पर्याय उभा केला त्याच बॉम्बे आर्ट सोसायटीने १९२५ साली त्यांना सुवर्णपदक दिले. पदकप्राप्त चित्राचे नाव मोहमेडन पिलग्रिम, म्हणजे मुसलमान यात्रेकरू. एका सनातन हिंदू संस्थानातून आलेल्या चित्रकाराने आपली सर्व एकाग्रता एका मुस्लिम यात्रेकरूच्या चेहऱ्यावर ओतावी आणि त्यास सर्वोच्च पारितोषिक मिळावे, या गोष्टीचे त्या काळी कोणास आश्चर्य वाटले नसावे. अनेकांताचा विचार वाडवडिलांकडून लाभलेल्या आपल्या समाजाला तर ते वाटण्याचे कारणच नाही.

आता जलरंगाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण हळदणकरांचे मोठेपण त्यावाचून कळणार नाही. आपल्या गोदाघाटावर सकाळी पाटी घेऊन बसलेले विद्यार्थी आपण सर्वांनी पाहिले आहेत. नारोशंकराचे देऊळ, रामकुंडाच्या पायऱ्या, वाळत घातलेली धोतरे हे कागदावर उतरवताना त्यांची चाललेली तारांबळही पाहिली आहे. आपल्या नाशिकचे दिवंगत चित्रकार शिवाजी तुपे यांनी हाच घाट जलरंगात असा काही रंगवला की अनेकांना घाट त्यांच्या चित्रांमुळेच दिसू लागला. ज्यांनी ही कामे जवळून पाहिली त्यांना ठाऊक आहे की जलरंग हे माध्यम दिसते सोपे आणि असते अत्यंत निर्दय. तैलरंगात चूक झाली तर खरवडून पुन्हा रंगवता येते, काळ्यावर पांढरा चढवता येतो. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग नसतोच. पांढरा म्हणजे कागद. जेथे प्रकाश हवा तेथे कागद कोरा सोडावा लागतो, आणि तो कोठे सोडावयाचा हे पहिला हात मारण्यापूर्वीच ठरलेले असावे लागते. एकदा रंग लागला की प्रकाश गेला. तो परत आणता येत नाही.

त्यातही गडद रंग ही तर मोठीच परीक्षा. फिकट निसर्गदृश्य जलरंगात शोभते. पण काळोख रंगवावयाचा म्हणजे रंगाचे थर एकावर एक द्यावे लागतात. प्रत्येक थर पुरता वाळू द्यावा लागतो, घाई केली तर खालचा थर उठतो आणि सगळा चिखल होतो. असा चिखल झालेला काळोख मेलेला दिसतो, त्यात हवा उरत नाही. म्हणून रात्रीची दृश्ये, दिव्याचा उजेड वगैरे विषय चित्रकार बहुधा तैलरंगात करीत. हळदणकरांनी हा विषय जलरंगात केला. म्हैसूरच्या चित्रात बहुतांश कागद काळोखाने भरलेला आहे, तरी तो काळोख श्वास घेतो. त्याच्या मधोमध ज्योतीचा आणि बोटांचा उजेड आहे. हे चित्र तैलरंगातील असावे असेच पाहणाऱ्यास वाटते. रविवर्म्यांची कीर्ती मुख्यतः तैलचित्रांवर उभी आहे, हे ज्याला ठाऊक आहे त्याला हे चित्र जलरंगातील आहे एवढे कळले तरी वाटाड्याच्या सांगण्याविषयी संशय यावयास हवा होता. मला तो आला नाही, कारण मी चित्राकडे पाहण्याआधी नाव ऐकले होते.

या चित्रासाठी उभी राहिली ती हळदणकरांची कन्या गीता. दिवाळीच्या दिवसांत मुलीच्या हातात दिवा पाहून वडिलांना ही कल्पना सुचली, असे कुटुंबात सांगितले जाई. दीपावली आपल्यासाठी भगवान महावीरांच्या निर्वाणाचा दिवस. पावापुरीत त्या रात्री ज्ञानाचा दीप मावळला म्हणून लोकांनी तेलाचे दिवे लावले, ही आपल्याकडील धारणा लहानपणापासून आपण ऐकत आलो. हळदणकरांच्या मनात अर्थातच ती नसणार. तरीही पूजेच्या अष्टद्रव्यांतील दीप ज्यांनी रोज मंदिरात उचलला आहे त्यांना हे चित्र पाहून हात का जोडावेसे वाटतात, हे मी समजू शकतो. चित्रकारासाठी मात्र तो एक कठीण अभ्यास होता. हाताच्या तळव्यामागे पेटती ज्योत, तिच्यापासून बोटांचे अंतर किती, प्रकाश चेहऱ्यावर पोहोचेपर्यंत त्याचा रंग किती बदलतो. त्या मुलीला सुमारे तीन तास न हलता उभे राहावे लागले. हातात दिवा घेऊन तीन तास म्हणजे काय, हे आरतीचे तबक पाच मिनिटे धरणाऱ्यास कळेल.

हे चित्र पुढे म्हैसूरच्या संग्रहात गेले. जगनमोहन राजवाडा १८६१ सालचा. १९१५ साली तेथे चित्रसंग्रहालय सुरू झाले आणि पुढे १९५५ मध्ये त्याला जयचामराजेंद्र यांचे नाव देण्यात आले. रविवर्म्यांनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत म्हैसूर दरबारासाठी पौराणिक चित्रे केली होती, त्यामुळे त्या वास्तूवर त्यांच्या नावाची छाया पडणे ओघानेच आले. ग्लो ऑफ होप या इंग्रजी नावाने, म्हणजे आशेचा प्रकाश या अर्थाने, हे चित्र जगभर गेले. दिनदर्शिकांवर, अगरबत्तीच्या वेष्टनांवर असावीत तशी त्याची रूपे बाजारात दिसू लागली. मूळ चित्र जसजसे लोकप्रिय झाले तसतसा चित्रकार पुसला गेला. लोकप्रियतेने एखाद्याचे नाव मिटावे, असा योग क्वचित येतो.

यात काळाचाही हात होता. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापासून मुंबईत चित्रकलेचे वारे बदलू लागले. बंगालकडून आलेल्या पुनरुज्जीवनवादी मताने विलायती वास्तववाद हा परकीय ठरवला. त्यानंतर १९४७ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या तरुणांनी हुबेहूब चित्रण हेच मुळी कालबाह्य ठरवले. दोन्ही बाजूंनी हळदणकरांसारख्या चित्रकारांची कोंडी झाली. ते कोणत्याही गटात गेले नाहीत. आपली निसर्गचित्रे आणि माणसे रंगवीत राहिले. ३० मे १९६८ रोजी वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी ते निवर्तले, तेव्हा त्यांच्या पद्धतीच्या चित्रांना समीक्षक अभ्यासवर्गातील काम म्हणून बाजूला ठेवीत होते. समीक्षकांनी ज्याला विसरावे आणि सामान्यांनी ज्याचे चित्र दुसऱ्याच्या नावाने घरात लावावे, त्या कलावंताचे पारडे दोन्हीकडून हलके होते. माझे मत विचाराल तर यातील दुसरा अन्याय अधिक मोठा. समीक्षकांची मते दर पिढीला बदलतात. पट्टीवरचे नाव मात्र कोणी मुद्दाम बदलल्याशिवाय बदलत नाही.

तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतील शेवटचा प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे अस्सल वस्तूच्या जागी तिच्यासारखी दिसणारी दुसरी वस्तू खपवणे. व्यापारी समाज म्हणून आपण त्याचा अर्थ तुपात भेसळ, सोन्यात तांबे असा लावतो, आणि तो योग्यच आहे. पण एकाचे कर्तृत्व दुसऱ्याच्या नावाने चालवणे हेही याच कुळातले नव्हे काय, असा प्रश्न मला पडतो. अजाणता घडले म्हणून दोष उणा होत असेल, नाहीसा होत नाही. आमच्या पाठशाळेत अदत्तादानाचा पाठ ज्या भिंतीखाली शिकवला जाई, त्याच भिंतीवर माझ्या हस्ताक्षरातील ती पट्टी होती.

श्रवणबेळगोळच्या मूर्तीच्या चरणांजवळ कोरलेले लेख आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्यांत एक मराठीत आहे आणि आपल्या भाषेतील अतिप्राचीन लेखांमध्ये त्याची गणना होते, याचा यात्रेत आलेल्या प्रत्येक मराठी माणसाला अभिमान वाटतो. मूर्ती चामुंडरायाने करविली, भोवतीचा प्राकार गंगराजाने करविला, असे तेथे नोंदले आहे. ज्याने छिन्नी चालवली त्याचे नाव त्या लेखात नाही. परंपरा त्या शिल्पीला अरिष्टनेमी म्हणते. सोन्याच्या लोभाने त्याचा हात सोन्याला चिकटला आणि मातेच्या बोधाने सुटला, ही कथा पाठशाळेतील मुले आवडीने ऐकतात. म्हणजे लेखात दाता राहिला आणि कारागीर कथेत राहिला. आपल्या गजपंथा येथील असोत की अन्य क्षेत्रांतील, प्रतिमांच्या पादपीठांवरील लेख वाचले तर हीच रीत दिसते. संवत, गच्छ वा संघ, प्रतिष्ठाचार्य, श्रेष्ठी, त्याची भार्या, पुत्र, सर्व नावे येतात. पांडवलेण्यांतील जुन्या लेखांतही दान देणाऱ्यांची नावे आहेत, डोंगर कोरणाऱ्यांची शोधावी लागतात. मी यात दात्यांचा उपमर्द करीत नाही. दान नसते तर मूर्ती नसती. परंतु हळदणकरांच्या चित्राची स्थिती त्याहून वेगळी आणि अधिक विपरीत आहे. येथे कर्त्याचे नाव अज्ञात नाही, ते नोंदलेले आहे. तरीही त्याच्या जागी दुसरे नाव चालते.

मला सत्य कळले ते फार उशिरा, वर्तमानपत्रातून. चित्रातील ती मुलगी गीता, लग्नानंतरच्या गीता उपळेकर, कोल्हापुरात राहत होत्या. त्यांनी वयाची शंभर वर्षे पूर्ण केली तेव्हा कुटुंबीयांनी मोठा सोहळा केला आणि त्याबरोबर हळदणकरांच्या चित्रांचे प्रदर्शनही भरविले. त्यांच्या शंभरीनिमित्त वडिलांच्या कामाला पुन्हा एकदा भिंत मिळाली. वृद्धापकाळाने सुरकुतलेला तो चेहरा आणि म्हैसूरच्या अंधारातील तो चेहरा शेजारी ठेवून वर्तमानपत्रांनी छापले. गीताबाई २०१८ च्या ऑक्टोबर महिन्यात, १०२ वर्षांच्या असताना, निवर्तल्या.

ते वृत्त वाचून मी पाठशाळेत गेलो, चौकट खाली उतरवली आणि पट्टी बदलली. नव्या पट्टीवर चित्रकाराचे पूर्ण नाव, जन्म-मृत्यूची वर्षे आणि माध्यम जलरंग एवढेच लिहिले. एका विद्यार्थिनीने नाव का बदलले असे विचारले तेव्हा तिला सगळी हकीकत सांगावी लागली, स्वतःच्या चुकीसकट.

मात्र एक गोष्ट त्या दिवशी तिला सांगावयाची राहिली. २००६ सालच्या त्या यात्रेहून परतताना आमची गाडी कोल्हापूर जिल्ह्यात थांबली होती. कुंभोज-बाहुबली येथील अठ्ठावीस फुटी मूर्तीचे दर्शन घेऊन आम्ही रात्री तेथेच मुक्काम केला. जेवणानंतर बराच वेळ म्हैसूरच्या त्या चित्राच्या गोष्टी निघाल्या, आणि बोलणाऱ्या प्रत्येकाने ते रविवर्म्यांचेच म्हटले. ज्या हातांनी तो दिवा तीन तास धरला होता, ते हात तेव्हा आमच्यापासून तासाभराच्या वाटेवर, कोल्हापुरात होते.